दुखस नही ना, भाऊ

जखम का भरत नाही, हे माझ्या दुकानात रोज कुणी ना कुणी विचारतं. फक्त ते प्रश्नासारखं विचारत नाही. "जखम सुकायची गोळी द्या." "मागची ट्यूब लागू पडली नाही, जरा भारीतली द्या." "ती शिंपडायची पावडर आहे ना, ती." धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बसतो. उत्तर हाताशी तयारच असतं: पाच गोळ्या, एक ट्यूब, एक पट्टी. पैसे घ्यायचे, सुटे द्यायचे, पुढच्याकडे वळायचं. या सगळ्यात मी ती जखम पाहिलेली असते का? काउंटर छातीपर्यंत उंच आहे आणि आमच्याकडच्या हट्टी जखमा बहुतेक गुडघ्याखाली असतात. वाकून पाहायला मला कुणी मना केलं नव्हतं. मी वाकत नव्हतो, एवढंच.

घाईला निदान गर्दीचं कारण देता येतं. पण घाईच्या खाली अजून काहीतरी आहे, ते सांगताना जीभ अडखळते. ज्याची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, तो माझ्यासाठी बांधलेलं गिऱ्हाईक असतो. दर आठवड्याला गॉज, कापूस, चिकटपट्टी, ट्यूब. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, जळगावला २०१८ पासून सरकारी मेडिकल कॉलेज झालं आहे. तिथे सर्जन जखम बघतो, रक्त तपासतात, ड्रेसिंग होतं, आणि खर्च माझ्या बिलाच्या मानाने किरकोळ. हे मला ठाऊक होतं. मी ते सांगत होतो का? कुणी विचारलं तर सांगायचो. न विचारता, आपणहून, किती जणांना सांगितलं? आठवू गेलो तर चेहरे समोर येत नाहीत. भाव जादा लावला नाही, मुदत संपलेली ट्यूब दिली नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरंही आहे. पण गप्प राहण्यातून चार पैसे मिळत असतील, तर त्या गप्प राहण्याला काय म्हणायचं?

एक बाई आल्या होत्या. दिवाळीनंतरचे दिवस, कापूस वेचणीचा हंगाम. बोंड उकललं की त्याच्या पाकळ्या वाळून टोकदार होतात आणि कापूस ओढताना नेमक्या नखाच्या कडेला टोचतात. दिवसभर टोचतात. संध्याकाळी आमच्या दुकानात येणाऱ्या बायांची बोटं बघण्यासारखी असतात: टोकांना काळ्या चिरा, दोन बोटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या, चिंध्यांवर वाळलेलं रक्त. उद्या पुन्हा तेच शेत, त्यामुळे ती कातडी मिटायला उसंतच मिळत नाही. या बाईही बोटांसाठीच मलम मागत होत्या. मी ट्यूब काढून ठेवली. त्या वळल्या तेव्हा एका पायाच्या चपलेत प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली दिसली. विचारलं, "मावशी, पायाला काय झालं?"

"काही नही. दुखस नही ना, भाऊ, मंग कसाले दखाडू?"

दाखवा म्हटलं म्हणून त्यांनी पिशवी सोडली. अंगठ्याच्या खाली, तळव्यावर, रुपयाएवढा गोल खड्डा. कडेला पांढरी, जाड, घट्टा पडलेली कातडी. आत फिकट मांस. त्या पायावर ती बाई दिवसभर शेतात उभी होती आणि तिला दुखत नव्हतं. साखर कधी तपासली का? नाही. पायाला मुंग्या येतात का? "आते येतस नही, पह्यले येत." आधी यायच्या, आता येत नाहीत, म्हणजे त्यांच्या लेखी बरं वाटत होतं.

दुखत नाही याचा अर्थ काय होतो, ते मी फार्मसीला शिकलो होतो. मधुमेह मुरला की पायातल्या संवेदना नेणाऱ्या नसा हळूहळू मुक्या होतात. खडा टोचला, चप्पल चावली, तापल्या रस्त्याचा चटका बसला, तरी वर खबर जात नाही. रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळे जखमेपर्यंत रक्त कमी पोचतं, आणि वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत, आणि पाय कापायची वेळ येते तेव्हा बहुतेकदा सुरुवात अशाच एका न दुखणाऱ्या, कुणी न पाहिलेल्या जखमेपासून झालेली असते. हे सगळं ठाऊक असलेल्या माणसाने काय केलं? आणखी एक ट्यूब दिली. "चप्पल घालत जा, साखर तपासून घ्या" म्हटलं. मागे तिघे उभे होते.

त्या परत आल्या नाहीत.

आणि इथे माझी मलाच अडचण होते. कितीतरी वर्षं माझ्या मनात एक साधा हिशेब होता: जो परत आला नाही, तो बरा झाला. दुकानदाराला हा हिशेब फार सोयीचा असतो. ट्यूब लागू पडली म्हणून आला नाही. पण परत न येण्याची आणखी किती कारणं असतात! मजुरी बुडते. दुसऱ्या गावी काम लागतं. पाय सुजतो आणि एसटीत चढवत नाही. अंगठा काढावा लागतो. माणूस जातो. यातलं नेमकं काय झालं हे मला कधीच कळलेलं नाही, आणि तरीही मी ते सगळे "बरे झाले" या खात्यावर लिहीत गेलो. माझ्या औषधाचा गुण म्हणून मी जो मिरवत होतो, त्यात किती माणसं नुसती दिसेनाशी झालेली होती?

न दुखणारी जखम म्हटलं की आपल्याकडे आधी कुष्ठरोग आठवतो, आणि तो अजून संपलेला नाही. देशपातळीवर २००५च्या अखेरीला निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, तरी धुळे-जळगाव-नंदुरबारच्या पट्ट्यात आजही नवे रुग्ण सापडतात. 'या रोगात अंग सडतं' हे मीही लहानपणापासून ऐकलं आणि मानलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी ते खोडून काढलं. रुग्णांच्या पायाचं मांस इतरांसारखंच भरून येतं, हे त्यांनी दाखवलं. अडचण एवढीच की दुखत नसल्यामुळे माणूस जखमेवर चालत राहतो. प्लास्टर घालून त्या जागेवरचा भार काढला की तीच जुनाट जखम भरायची. काही रुग्णांची बोटं रात्रीतून झिजलेली दिसायची, तेव्हा पाळत ठेवल्यावर कळलं की झोपेत उंदीर कुरतडत होते आणि माणूस जागा होत नव्हता. मग रुग्णांना मांजरं दिली गेली. हे ज्या पुस्तकात वाचलं, ते मी तिथेच मिटवून ठेवलं होतं. त्या मावशींना मी ट्यूब दिली होती. त्यांना हवा होता त्या पायावरून उतरलेला भार, मऊ रबराची चप्पल, आणि वेचणीला न जाता मिळणारी काही आठवड्यांची मजुरी. यातलं पहिलं मी निदान सांगू तरी शकलो असतो. दुसऱ्यासाठी कुठे जायचं ते सांगू शकलो असतो. तिसरं? तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. "विश्रांती घ्या" हा सल्ला रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला देताना तो किती महाग पडतो, आणि ती किंमत मला कुठे भरावी लागते?

दुकानातल्या माणसांचं हे. घरचं काय? माझ्या आईला साखर आहे. गोळ्या मी आणतो, महिन्याला एकदा यंत्रावर तपासतो, आकडा वहीत लिहितो. चांगला मुलगा असल्याचं समाधान त्या वहीतून मला नियमित मिळत होतं. आखाजीला बहीण माहेरी आली. आईचे पाय धुवून देताना तिने विचारलं, "दादा, आईची टाच पाहिलीस का तू?" उजव्या टाचेला खोल भेग होती, कडा काळसर, भोवती लाली आणि हाताला लागणारी ऊब. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायलाच हवं. आईची काळजी नाही आली. आलं ते असं: ही चार दिवस येते आणि चुका काढते, रोजचं करायला मी. टाचेपर्यंत मी त्यानंतर पोचलो.

आईच्या पाया मी प्रत्येक सणाला पडतो. पायाच्या वरच्या बाजूला हात लावतो, कपाळाला लावतो. तळवा कधी उलटून पाहिला नव्हता. डोळे कमी झालेल्या, गुडघे वाकत नसलेल्या बाईला स्वतःचा तळवा दिसत नाही, हे न कळण्यासारखं होतं का? रोज संध्याकाळी एक मिनिट, उजेडात, बोटांच्या बेचक्यांसकट पाय पाहणं, एवढंच करायचं असतं. त्याला ट्यूब लागत नाही, पैसे लागत नाहीत. बहुधा म्हणूनच ते माझ्या यादीत नव्हतं. मी जे विकतो, त्यालाच मी काळजी समजत होतो.

पथ्याच्या बाबतीतही माझं असंच. जखम झाली की आमच्याकडे घरात पहिला हुकूम सुटतो: आंबट बंद, वांगं बंद, डाळ बंद, अंडं तर नावच नको, नाहीतर पू होतो. भरीत-भाकरीवर वाढलेला माणूस मुगाच्या पाण्यावर येतो. गिऱ्हाइकाने "लिंबू चालेल का?" विचारलं की मी "नका खाऊ काही दिवस" म्हणून मोकळा व्हायचो. का? वाद नको म्हणून. सासूबाई शेजारी उभ्या असतात, त्यांचं मन कशाला मोडायचं? पण नवी कातडी विणली जाते ती कोलॅजनची, आणि ते घट्ट व्हायला क जीवनसत्त्व लागतं, म्हणजे लिंबू, आवळा, पेरू. १७४०मध्ये इंग्लंडहून निघालेल्या नौदल अधिकारी अ‍ॅन्सनच्या जहाजांवर स्कर्व्हीची, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणाऱ्या रोगाची, साथ आली. त्यातल्या एका म्हाताऱ्या सैनिकाला १६९०च्या बॉइनच्या लढाईत जखमा झाल्या होत्या. पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या त्या जखमा समुद्रावर पुन्हा उघडल्या. ताजं फळ-भाजी नाही, तर शरीराला जुना सांधाही धरून ठेवता येईना. डॉक्टर जेम्स लिंडने संत्री-लिंबांचा गुण तपासला तो त्यानंतर, १७४७मध्ये. आणि मी पावणेतीनशे वर्षांनी, लिंबाच्या मुलखात बसून, वाद टाळायला लिंबू बंद करत होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. सगळ्यांचं उरकल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईची डाळही जखमेच्या नावाने काढून घेतली, तर नवं मांस भरायचं कशाच्या जोरावर?

हळदीबद्दल बोलताना मला जपून बोलावं लागतं, कारण तिचा अभिमान मलाही आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते आव्हान देऊन १९९७मध्ये रद्द करवलं. ही गोष्ट मी काउंटरवर अनेकांना रंगवून सांगितली आहे. पण तो निकाल हे ज्ञान आधीपासून कुणाकडे होतं याबद्दलचा होता. मधुमेही तळव्यावरचा खड्डा चिमूटभर हळदीने भरेल, असं त्यात कुणी म्हटलेलं नव्हतं. मी गोष्ट सांगायचो, समोरचा खूश व्हायचा आणि घरी जाऊन हळद-चुना, कधी दगडीपाल्याचा रस, कधी चक्क तंबाखू दाबायचा. खरचटलेल्या गुडघ्याला यातलं बरंच काही चालून जातं, कारण तरण्या, धडधाकट अंगाची जखम तशीही भरणारच असते. अडतं ते न भरणाऱ्या जखमेपाशी. तिथे अभिमानाच्या भरात दोन्हींतला फरक सांगायचं माझ्याकडून राहून जात होतं.

तंबाखूचा विषय निघाला तर, तो दाबल्याने जेवढं बिघडतं त्याहून जास्त तो खाल्ल्या-ओढल्याने बिघडतं: बारीक रक्तवाहिन्या आवळतात, कडेच्या बोटांना रक्त पुरत नाही. आणि तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर तिला ट्यूब देणाऱ्या औषधवाल्याने गुन्हाच केला असं मी आता मानतो. तिथे फक्त डॉक्टरकडे पाठवायचं असतं.

सगळ्यांत जास्त मला लाज वाटते ती सातपुड्याच्या पायथ्याकडून येणाऱ्या पावरा आणि भिल्ल मजुरांच्या बाबतीत. एका पावरा तरुणाच्या घोट्याजवळ जखम होती, भरायची आणि पुन्हा फुटायची. मी काय म्हणालो? "स्वच्छ ठेवत जा रे, साबणाने धूत जा." एकेरीत म्हणालो, बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर म्हणालो. माझ्या मनात उत्तर आधीच ठरलेलं होतं: अस्वच्छता. शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या आदिवासी भागात सिकलसेल आहे, हे मला माहीत नव्हतं का? तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि घोट्याच्या आसपास, जिथे रक्त मुळातच सावकाश फिरतं, तिथे कातडी फुटते. आपल्याकडे अशा जखमा तुलनेने कमी दिसतात, पण दिसतात. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तिचा कागद माझ्या दुकानात आला होता. त्याच्यावर मी बिलांचा गठ्ठा ठेवला होता. मी त्याला "कधी रक्त तपासलंय का, भाऊ?" एवढं विचारलं नाही. हेच एखाद्या शिक्षकाला झालं असतं, तर मी 'अस्वच्छता' म्हटलं असतं? उलट विचारलं असतं: सर, दिवसभर उभे असता का, पायाच्या शिरा फुगल्यात का, झोपताना पाय उशीवर घेत जा. एकाला कारण विचारायचं आणि दुसऱ्याला दोष द्यायचा, हे मी कुठे शिकलो? कुणी शिकवलं नाही. आपोआप आलं. आपोआप येतं म्हणूनच त्याची भीती वाटते.

या सगळ्यातून मला काही कळलंय का? थोडं. जखमेला वेळ लागतो, आणि आपण तिला वेळ द्यायला तयार नसतो. टाके तीन आठवड्यांचे झाले तरी त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी असते; पुढचे कित्येक महिने ती आतून वाढत राहते, आणि कधीच पूर्ण पहिल्याएवढी होत नाही. आम्हाला मात्र चौथ्या दिवशी ती 'सुकलेली' हवी असते. जॉर्ज विंटरने १९६२मध्ये डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर राखलेली जखम उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा लवकर भरते. गिलावा केला की गवंडी पाणी मारायला सांगतो, नाहीतर तडे जातात, हे आपण ऐकतो. कातडीला मात्र पावडर, स्पिरिट, ऊन. एक गृहस्थ काउंटरसमोरच चिकटलेलं गॉज झटक्यात ओढून काढायचे. पांढऱ्या जाळीला लालसर दाण्यांचा थर चिकटून यायचा आणि खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब उभे राहायचे. ते म्हणायचे, "बघा, घाण निघाली." निघालेली घाण नव्हती, चार दिवसांत अंगाने धरलेलं नवं मांस होतं. सलाइनने भिजवून, थांबून, मग सोडवा, हे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी पुढचं गॉज मोजून देत होतो.

आता काउंटरच्या बाहेर एक स्टूल ठेवलं आहे. जखमेचं काही मागितलं की मी बाहेर येतो, पाय वर घ्यायला सांगतो, बघतो. चार प्रश्न विचारतो: किती दिवसांची, दुखतं का, साखर कधी तपासली, तंबाखू-बिडी किती. चैत्रात सप्तशृंगीला पायी निघालेले लोक रणरणत्या उन्हात दुकानापाशी थांबतात, काही अनवाणी. त्यांना फोडांची ट्यूब द्यायच्या आधी साखरेचं विचारतो. नवस मोडा म्हणायचा मला अधिकार नाही. देवीला पाय परत घेऊन या, एवढं म्हणतो. काहींना ते आवडत नाही. आईचे तळवे रोज रात्री बघतो. टाच भरली, बरेच महिने लागले.

पण सगळं सुधारलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. रविवारी दवाखाने बंद असतात, समोरचा हात जोडतो, आणि माझ्याकडून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकच्या चार गोळ्या अजूनही सुटतात. पाच दिवसांचा डोस चार गोळ्यांत होत नाही, हे जाणून सुटतात. आणि परवा एक जुना गिऱ्हाईक, वडिलांच्या वेळेपासूनचा, पावडर मागत होता. मी पाय दाखवा म्हटलं, धुळ्याला जाऊन दाखवा म्हटलं. तो चिडला. "तुले देवानं ते सांग" म्हणाला, म्हणजे द्यायचं तर सांग, आणि समोरच्या दुकानात गेला. तिथे त्याला पावडर मिळालीच असणार. मी पावडर देऊन दोन मिनिटं जास्त बोलायला हवं होतं का? मग तो पुढच्या आठवड्यात पुन्हा आला असता, आणि तेव्हा कदाचित ऐकलं असतं. की मग मी पुन्हा तोच, पावडर विकून मन मोकळं करणारा? त्याच्या मुलाचा नंबर माझ्याकडे आहे. अजून लावलेला नाही.